हेर मारेकना मागचं ऐकायचं होतं

आमच्या धंद्यात समाधानी गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही. त्याला ऐकू यायला लागलं की तो आम्हाला विसरतो. परत परत येतो तो तक्रारवाला. त्यामुळे जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये कानाच्या यंत्रांच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर माझ्या लक्षात राहिलेली बहुतेक माणसं ही मला वैताग दिलेली माणसं आहेत. त्याला माझा इलाज नाही.

माझं काम काय, हे मला दर दिवाळीत नव्याने कुणाला तरी सांगावं लागतं. मी डॉक्टर नाही. डॉक्टर कान तपासून चिठ्ठी देतात आणि आमच्याकडे पाठवतात. पुढे त्या माणसाला काय ऐकू येतं, काय येत नाही हे मोजून, यंत्र त्याच्या कानाला आणि त्याच्या आयुष्याला बसेल असं जुळवून द्यायचं, हे माझं काम. यासाठी इथे तीन वर्षांचं रीतसर शिक्षण असतं. मी मुंबईहून याच विषयातली पदवी घेऊन आले होते, नवऱ्याला इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून. इथल्या ऑफिसने माझी पदवी उलटसुलट करून पाहिली आणि मला सतरा-अठरा वर्षांच्या पोरांबरोबर पुन्हा वर्गात बसवलं. तो राग अजून गेलेला नाही, पण त्यावर लिहायला बसले तर संपादक मला अंकातून काढून टाकतील.

कान म्हातारा होतो तेव्हा सगळाच आवाज कमी होतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आधी जातात ते बारीक आवाज. ‘स’, ‘श’, ‘त’ ही अक्षरं नाहीशी होतात आणि उरतो तो नुसता गुंजारव. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ऐकू येतं पण समजत नाही. घरचे म्हणतात, त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं. दोन्ही बाजू ते भांडण माझ्या टेबलावर आणून ठेवतात. एक बाई फक्त रविवारी चर्चला जाताना यंत्र घालायच्या, कारण घरी घातलं तर नवऱ्याचं बोलणं ऐकावं लागे. कुत्र्याने यंत्र खाल्लं असं सांगत लोक येतात, तेव्हा नव्या मुलींना ती सबब वाटते. सबब नाही, कुत्री खरंच खातात.

पण या सगळ्यांवर कडी केली ती हेर मारेक यांनी. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, आणि मारेक हे त्यांचं खरं नाव नाही.

ऐंशीच्या पुढचे, उंच, थोडे वाकलेले, गळ्यात मफलर. एकटेच आले, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. माझ्याकडे म्हातारी माणसं सहसा कुणीतरी ओढून आणलेली असतात. स्वतःच्या पायांनी येतो त्याच्या डोक्यात काहीतरी असतं. त्यांनी कोटाच्या खिशातून कागदी रुमालात गुंडाळलेली दोन यंत्रं काढली आणि माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्या दुकानात घेतलेली, नवीकोरी, उत्तम. मी तसं म्हणाले, तर ते चेक वळणाच्या जर्मनमध्ये म्हणाले, हो, फारच उत्तम आहेत, म्हणूनच निरुपयोगी आहेत.

मी त्यांना चाचणीच्या खोलीत बसवलं. आलेख पाहिला आणि विचारलं, कुठल्या कारखान्यात होतात? सतत दणदणाटात काम केलेल्या माणसाच्या आलेखात एका ठरावीक जागी खड्डा पडतो. पत्रे ठोकायच्या प्रेसवर काम केलेली माणसं मी त्यावरून ओळखते. ते म्हणाले, मी नाटककार आहे. मी म्हटलं, हा नाटककाराचा कान नाही. तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले की प्रागमध्ये सरकारने त्यांची नाटकं बंद केली, नाट्यगृहातून काढून टाकलं आणि इस्पितळाच्या तळघरात बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या कामाला लावलं. पंख्यांचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी खुणेने बोलायचं. अशी वर्षामागून वर्षं काढली.

मग मुद्द्यावर आले. “मला मागचं ऐकायचंय,” ते म्हणाले.

आता बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या यंत्राला दोन बारीक माइक असतात, एक पुढे, एक मागे. समोर बोलणारा माणूस महत्त्वाचा आणि मागून येतो तो गोंगाट, असं यंत्र धरून चालतं, आणि मागचं दाबतं. जगातला प्रत्येक कर्णबधिर माणूस माझ्याकडे येऊन हेच मागतो, की बाई, समोरच्याचं बोलणं तेवढं येऊ दे, मागची खोकणारी, खुर्च्या सरकवणारी माणसं नकोत. मोठमोठे इंजिनियर आयुष्यं घालवतात ते दाबायला. आणि हा माणूस मला ते उलटं करायला सांगत होता. समोरचं आलं नाही तरी चालेल, म्हणे.

मी केलं. जमेल तेवढं केलं. ते आठवड्याने परत आले, की आता फ्रिजचा आवाज येतो, रस्त्याचा येतो, स्वतःच्या कोटाची सळसळ येते, पण हवं ते येत नाही. मी पुन्हा बदललं. ते पुन्हा आले. हिवाळा गेला, उन्हाळा आला, म्हातारा दर शनिवारी हजर. शेवटी शेवटी तर ते मला त्यांच्या खुर्चीमागे उभं करून खोकायला लावायचे. मी खोकले की म्हणायचे, असं नाही, कंटाळा आल्यासारखं खोका. मी मिरजेची मुलगी, दोन देशांत शिकलेली, आणि शनिवारी दुपारी एका चेक म्हाताऱ्यामागे उभी राहून कंटाळल्यासारखी खोकत होते. कंटाळल्याचं सोंग मात्र मला करावं लागत नव्हतं.

मला वाटायचं, मला यांचं दुखणं कळलंय. या माणसाच्या मागे आयुष्यभर पोलीस होते. अजूनही मागे कुणीतरी आहे असं वाटत असणार, म्हणून हा हट्ट. एका शनिवारी मी खुर्ची जवळ ओढून फार समजूतदारपणे म्हटलं की हेर मारेक, आता तुमच्या मागे कुणी नाही. ते इतके संतापले की मफलर काढून टेबलावर आपटला. म्हणाले, पोलीस कोणाला ऐकायचेत, मला सातव्या रांगेतली माणसं ऐकायचीत. आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

ते विनोदी नाटकं लिहायचे. ती बंद झाल्यावर त्यांच्याच बैठकीच्या खोलीत मित्र प्रयोग करायचे. लोक एकेक-दोघे करून यायचे. दाराबाहेर बुटांचा ढीग दिसायला नको म्हणून सगळ्यांचे बूट न्हाणीघरातल्या टबमध्ये. खालच्या मजल्यावरचा शेजारी कोण येतं-जातं ते पोलिसांना कळवायचा, म्हणून नट मोज्यांवर चालायचे, टाळ्या नाहीत, आणि हसायला सक्त मनाई. हसू आलं तर मफलर तोंडात कोंबायचा. घर यांचं, म्हणून जिन्याकडे कान लावून दाराशी बसायचं काम यांचंच. तिथून त्यांना दिसायच्या त्या फक्त प्रेक्षकांच्या पाठी. खांदे हलतायत असं वाटायचं, म्हणाले. मंद दिव्यात खात्री नाही देता यायची.

पुढे त्यांना देशाबाहेर जाऊ दिलं आणि परत येऊ दिलं नाही. इथल्या नाट्यगृहांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण जर्मन प्रेक्षक दुखवट्याला आल्यासारखे बसायचे. एवढं सोसलेल्या माणसासमोर हसणं त्यांना असभ्य वाटायचं, आणि शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवायचे. नंतर तिकडची राजवट गेली, प्रागला मोठ्या नाट्यगृहात त्यांचं नाटक झालं. तोवर कान गेले होते. कानात यंत्र होतं, पण यंत्राने हशा गोंगाट समजून दाबून टाकला असेल, किंवा हशा झालाच नसेल.

“यातलं खरं काय, ते मला मरायच्या आधी कळायला हवं,” ते म्हणाले.

त्यांचे नवे आलेख माझ्यासमोर होते. प्रत्येक चाचणीत रेघ थोडी खाली जात होती. पुढच्या वर्षी कितीही चांगलं यंत्र लावलं तरी हशा आणि पाऊस यांतला फरक त्यांना कळेल की नाही, हे मी सांगू शकत नव्हते. मला त्यांची दया आली, आणि हे सगळं पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं म्हणून डोकंही फिरलं.

तिथे मी बोलून बसले. माझा नवरा अविनाश दर वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाटक बसवतो. दिवसा गाड्यांचे ब्रेक, संध्याकाळी नाटक. तालमी आमच्या बैठकीच्या खोलीत. दीड-दोन महिने माझा सोफा गॅलरीत असतो आणि माझी मुलगी, जी मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्येच देते, ती दार आपटून अभ्यासाला मैत्रिणीकडे निघून जाते. मी सहज म्हटलं, आमच्याही घरात नाटक असतं हो, माझा जीव जातो. हेर मारेक पुढे झुकले. लोक हसतात का? मी म्हटलं, एवढे हसतात की खालच्या बाईंनी रूहत्साइटचे, म्हणजे शांततेच्या वेळेचे नियम आमच्या दारावर चिकटवलेत. ते म्हणाले, चांगली बाई आहे, तुमच्याच दारावर चिकटवते.

पुढच्या शनिवारी त्यांनी त्यांच्या एका नाटकाचं जर्मन पुस्तक आणून दिलं. तुमच्या लोकांसाठी करा म्हणाले. मी म्हटलं, अहो, मराठीत होईल ते, तुम्हाला एक शब्द कळणार नाही. “गेनाऊ,” ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. शब्द त्यांनीच लिहिले होते, ते त्यांना पाठ होते. ऐकायचे होते ते बाकीचे आवाज, आणि त्याला भाषा लागत नाही. मराठी माणसांना त्यांचं नाव माहीत नाही, ती माणसं त्यांचं काही देणं लागत नाहीत, कंटाळा आला तर खुशाल बटाटेवडे खायला बाहेर जातील, हे मी सांगितल्यावर तर ते खूशच झाले. असाच प्रेक्षक त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.

अविनाशने पुस्तक एका बैठकीत वाचलं आणि मला झोपेतून उठवून सांगितलं की आपण हेच करतोय. नाटक साधं होतं. एका माणसाला घर बदलताना स्वतःचं जेवणाचं टेबल बरोबर न्यायचं असतं. त्याला इमारतीच्या समितीची परवानगी लागते. समिती ती परवानगी द्यायला त्याच टेबलाभोवती बसते आणि उठतच नाही. समिती बसलेली असताना टेबल हलवायला मनाई असते. तालमींत तर आमच्या घरात हसून मुरकुंड्या वळत होत्या. हेर मारेक तालमीला आले नाहीत. ओळखीची माणसं हसतातच, त्याला किंमत नाही, म्हणाले. त्यांनी फक्त यंत्र अजून एकदा तपासून घेतलं, आणि मी अजून एकदा खोकले.

प्रयोग चर्चच्या हॉलमध्ये. एर्लांगेनहूनसुद्धा लोक आले होते, हॉल भरला होता. आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष! सत्काराशिवाय या गृहस्थांना चैन पडत नाही. मूळ नाटककार हॉलमध्ये आहेत हे त्यांना कळलं, आणि मी विंगेत नटांच्या टोप्या शोधत असताना त्यांनी हेर मारेकना स्टेजवर नेलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. मग भाषण. जुलमी राजवट, तळघर, कोळसा, देशत्याग. हे सगळं अविनाशकडून ऐकलेलं, वर स्वतःची भर. शेवटी त्यांनी अख्ख्या हॉलला उभं केलं. पोरांनासुद्धा गप्प बसवलं. मग हेर मारेकना पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर नारळ ठेवून बसवलं, आणि पडदा उघडला.

पहिल्या अंकात कुणी हसलं नाही. ज्या वाक्यांना आमच्या घरात माणसं लोळली होती, त्या वाक्यांना हॉलमध्ये चिडीचूप. समितीचा अध्यक्ष टेबलाच्या घराण्यावर लांबलचक भाषण करतो, तिथे तर एका बाईंनी पदराने डोळे टिपले. नटही बिचकले, एकेक शब्द जड करून बोलायला लागले. मी हेर मारेकच्या शेजारी होते. ते समोर बघतच नव्हते. मान खाली, सगळं लक्ष कानांत. मागून येत होता तो एक खोकला, एका बाळाचं रडणं, आणि मोबाइलचा एक कुर्रकन आवाज. यंत्र चोख चालत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते बिघडलेलं असतं तर बरं, असं मला वाटलं.

मध्यंतरात ते उठले नाहीत. मी चहा आणून दिला, तो हातातच राहिला.

“इतकी वर्षं मला वाटायचं, शेजाऱ्याच्या भीतीने लोक हसू दाबतायत,” ते म्हणाले. “त्यांना हसू येतच नव्हतं.”

एवढं बोलून ते शाल नीट करून निघायला उभे राहिले. माझी टॅक्सी बोलवा, म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. मी महिनोन्‌महिने या माणसाच्या मागे उभी राहून खोकले होते. मी त्या शालीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, आणि माझं डोकं सणकलं. शाल घेतलेला हुतात्मा पहिल्या रांगेत बसलेला असताना कुठला मराठी माणूस हसणार आहे? आम्ही जर्मनांच्या वरताण निघालो होतो. मी त्यांना म्हटलं, हेर मारेक, तुम्हाला जर्मनीत कुठे बसवायचे? पहिल्या रांगेत, ते म्हणाले, लेखकाला नेहमी पहिल्या रांगेत बसवतात. आणि प्रागच्या त्या नाट्यगृहात? तिथेही.

मी त्यांच्या अंगावरची शाल काढली. विचारलंसुद्धा नाही. नारळ उचलून अध्यक्षांच्या हातात दिला आणि मराठीत सांगितलं की आता तुम्ही धरा, आणि परत माइकजवळ गेलात तर माझ्याशी गाठ आहे. हेर मारेकच्या दंडाला धरून त्यांना हॉलच्या शेवटच्या रांगेत, स्वयंपाकघराच्या दाराशी एका मोडक्या खुर्चीवर बसवलं. सगळे प्रेक्षक आता त्यांच्या समोर होते. पर्समधल्या रिमोटने मी यंत्राची दिशा परत पुढे वळवली; यंत्राला मुळात समोरचंच ऐकायला आवडतं. इतके महिने मी यंत्राशी झटत होते, माणूस उचलून दुसरीकडे ठेवावा हे सुचलं नव्हतं. मग विंगेत जाऊन अविनाशला सांगितलं, लेखक घरी गेले. खोटंच सांगितलं. आता तालमीत करता तसं करा म्हटलं, आणि तो इतर नटांना सांगायला पळाला. प्रेक्षकांनी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी पाहिली, पाय पसरले, वड्यांच्या कागदी बशा मांडीवर घेतल्या.

दुसऱ्या अंकात तो माणूस परवानगीसाठी अर्ज करतो. समिती म्हणते, तू या घरात राहतोस याचा दाखला आण. दाखला देणारी बाई म्हणते, टेबल घरात आहे याची समितीकडून चिठ्ठी आण, त्याशिवाय राहतोस कशावरून? माझ्यासमोर बसलेल्या हॉलमधला प्रत्येक जण इथे आल्यावर सरकारी ऑफिसातल्या अशाच खिडकीपुढे उभा राहिलेला होता. घर नाही म्हणून पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून घर नाही. आधी कुठेतरी मधल्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं. शेजारच्याने त्याला गप्प केलं नाही. पुढच्या वाक्याला चार-पाच जण हसले. मग गार्चिंगहून आलेला एक पीएचडीचा मुलगा अगदी मोठ्याने म्हणाला, “अरे, हे सोमवारी माझ्याबरोबर झालं,” आणि हॉल फुटला.

मी हेर मारेककडे पाहिलं. ते खुर्चीच्या कडेला आले होते. आपलं कुठलं वाक्य चालू आहे ते त्यांना नटांच्या हालचालींवरून कळत होतं, आणि ओठांनी ते चेकमध्ये तेच वाक्य बोलत होते, हशाला जागा सोडत. समितीतला एक जण टेबलावरच झोपतो आणि त्याला न हलवता टेबलाची मापं घ्यायची असतात, तिथे बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, पुरुष गुडघ्यांवर हात मारत होते. अविनाशला पुढचं वाक्य बोलता येईना, तो नुसता उभा राहिला.

आणि मला दिसलं, की हेर मारेकचे डोळे मिटलेत आणि जबडा आवळलाय. अशा कानांचं हे एक दुखणं असतं. हळू आवाज त्यांना येतच नाही, पण मोठा आवाज तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त लागतो, अगदी सुईसारखा. त्यात मी आवाजाची सगळी बंधनं काढून टाकलेली, त्यांच्याच हट्टापायी. एवढ्या माणसांचा हशा त्या यंत्रातून सरळ आत जात होता. मी पर्समधला रिमोट काढला आणि आवाज खाली आणायला बटणावर बोट ठेवलं.

त्यांनी डोळे न उघडता माझा हात घट्ट धरला.

“नको,” ते म्हणाले. “लागू दे.”

हशा ओसरेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मी दुसऱ्या हाताने रिमोट पर्समध्ये ठेवून दिला.